हजेरी मजुराची, हिशेब कोणाचा?

यंत्र तटस्थ असते, हे प्रशासनाचे आवडते वचन आहे. संगणकप्रणालीला जात नाही, पक्ष नाही, हाव नाही. म्हणून कामाची आखणी, वाटणी आणि नोंद ती माणसापेक्षा न्याय्य रीतीने करील, असा हा युक्तिवाद. रोजगार हमीच्या कामांवर या तटस्थतेचे जे रूप दिसले, ते यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या नजरेतून तपासले पाहिजे.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना १९७२च्या दुष्काळात, याच जिल्ह्याचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, राज्यभर उभी राहिली. २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. २००५च्या राष्ट्रीय कायद्याचा अंमल फेब्रुवारी २००६ मध्ये प्रथम ज्या २०० जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांतही यवतमाळ होते. कापसाची वेचणी संपली की येथील कोरडवाहू मुलखातल्या कोलाम, गोंड, बंजारा मजुरांपुढे दोनच वाटा उरतात: गावातले काम किंवा परमुलूख. त्यांच्यासाठी हमी हा उपकार नव्हे, हक्क आहे.

या हक्काच्या राष्ट्रीय कायद्यात दोन घड्याळे होती. मागणीनंतर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. हजेरीपट संपल्यावर १५ दिवसांत मजुरी, नाहीतर विलंबाची भरपाई. दोन्ही घड्याळे शासनाच्या मनगटावर होती. संगणकप्रणालीने तिसरे घड्याळ मजुराच्या मनगटावर बांधले. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा, स्थळाच्या नोंदीसह, मोबाइलवर छायाचित्र काढून हजेरी घेणे सक्तीचे झाले.

महाराष्ट्रात मातीकामाची मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरत आली आहे. मे महिन्यात पारा ४४ अंशांकडे झेपावतो, तेव्हा शहाणी टोळी पहाटे कामाला लागते. कुदळ कोणी चालवायची, टोपले कोणी उचलायचे, हे ती आपसांत ठरवते आणि ऊन चढण्याआधी खोदकाम उरकते. पण काम संपले तरी दुपारच्या छायाचित्रासाठी तिने थांबायचे किंवा पुन्हा यायचे. मजुरी मापाने आणि हजेरी घड्याळाने, हा अर्थशास्त्राचा कोणता नियम? १९११ मध्ये श्रमाच्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चा ग्रंथ लिहिणाऱ्या टेलरने निदान वाढीव कामाला वाढीव मजुरी देऊ केली होती. येथे घड्याळ टेलरचे आणि दर सरकारचा: २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये!

खोट्या हजेऱ्या रोखण्यासाठी हे आवश्यक होते, असे समर्थन केले जाते. खोट्या हजेऱ्या ही खरी व्याधी आहे. ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु औषध लागू पडले काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावे लागले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, एवढेच नव्हे तर छायाचित्रांची छायाचित्रेही चढवली जात होती. चोराने वाट काढली. अडकला तो प्रामाणिक मजूर.

आणि शासनाच्या मनगटावरच्या घड्याळांचे काय झाले? मजुरीला झालेला विलंब प्रणाली मोजत होती, पण देयकाचा आदेश निघेपर्यंतच. त्यापुढे पैसा मजुराच्या खात्यात पोहोचेपर्यंतचे दिवस तिच्या लेखी विलंबच नव्हते. १८ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, संपूर्ण विलंबाची भरपाई मजुराला मिळाली पाहिजे. ही गणकयंत्राची चूक नव्हती. काय मोजायचे नाही, हे सत्तेने आधीच ठरवले होते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवसांचे आश्वासन आहे. त्याबरोबरच पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाला ६० दिवसांपर्यंत काम थांबवण्याची सोय आहे, आणि बोटांच्या ठशांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत देखरेखीची नवी आयुधेही आहेत. नजर पुन्हा खालीच वळलेली आहे.

यंत्र फोडा, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. मागणी एवढीच आहे की यंत्राचे तोंड फिरवा. कामाचा अर्ज ज्या दिवशी दिला त्याच दिवशी त्याची नोंद व्हावी. सोळाव्या दिवशी बेकारी भत्ता आपोआप देय ठरावा. मजुरी कोणत्या टेबलावर किती दिवस अडली, हे ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवले जावे. मातीचे माप टोळीसमोर घेतले जावे आणि तेच हजेरीचा पुरावा मानले जावे. ज्या दिवशी मजुराइतकीच अधिकाऱ्याचीही हजेरी लागेल, त्या दिवशी यंत्राला तटस्थ म्हणता येईल.