बॉस्टनची ती मैफल कोणी जपली?

#थ्रेड
जॅझ सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांच्या उतारवयातील 'विदाउट अ साँग' या थेट मैफलीचे मुद्रण इतिहासाच्या अभ्यासकाने साधन म्हणून ऐकावे, असे माझे मत आहे. ते कसे हाती आले, हे त्याहून महत्त्वाचे.

११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, तेव्हा ७१ वर्षांचे रोलिन्स तेथून जवळच एका इमारतीच्या एकोणचाळिसाव्या मजल्यावर राहत होते. दुसऱ्या दिवशी सॅक्सोफोन घेऊन, जिने उतरून त्यांनी घर सोडले. १५ तारखेला बॉस्टनमध्ये कार्यक्रम ठरलेला होता. त्यांचे मन तयार नव्हते. पत्नी ल्यूसिल यांनी आग्रह धरला आणि ते वाजवायला उभे राहिले.

हा कलावंत आपल्याला अगदीच परका नव्हे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस योगाभ्यासासाठी ते पवईच्या आश्रमात राहिले होते. १९७८ साली मुंबईच्या रंगभवनातील पहिल्या 'जॅझ यात्रे'तही ते वाजवून गेले.

आता मूळ मुद्दा. बॉस्टनच्या त्या रात्रीचे मुद्रण श्रोत्यांत बसलेल्या एका चाहत्याने, परवानगीवाचून केले होते! रोलिन्स स्वतःविषयी कमालीचे कठोर. ऐन कीर्तीच्या काळात, १९५९ ते १९६१, कार्यक्रम थांबवून ते न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटेच रियाज करीत राहिले. असा माणूस स्वतःहून ती रात्र जपून ठेवता, असे मला वाटत नाही. २००५ मध्ये त्यांच्या संमतीने मैफल प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी तीतील 'व्हाय वॉज आय बॉर्न?' या वादनाला ग्रॅमी मिळाले. ल्यूसिल मात्र २००४ मध्येच गेल्या होत्या.

ही चोरीच नव्हे काय, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. पण मुद्रण करून बाजारात विकणे निराळे, आणि जपून ठेवून कलावंतापुढे मांडणे निराळे. दुसऱ्या प्रकाराला दफ्तरखान्यात जागा मिळालीच पाहिजे. आपण बखरी धुंडाळतो, ताम्रपट वाचतो. कॅसेटला मात्र अडगळ म्हणतो.

छत्रपती संभाजीनगरच्या मित्रांनो, वेरूळ महोत्सवाच्या किंवा घरगुती बैठकींच्या अशा कॅसेट तुमच्याही माळ्यावर असतील. टाकून देऊ नका. आवरणावर तारीख, स्थळ, कलावंत आणि मुद्रण करणाऱ्याचे नाव लिहा; घरातल्या वडीलधाऱ्यांना ते आजच विचारा. प्रसिद्ध करण्यापूर्वी मात्र कलावंताची किंवा त्यांच्या कुटुंबीयांची अनुमती घ्या.