मेंदूचे चित्र: तीन शास्त्रांची उशिरा पडलेली गाठ

घरातील वडीलधारे माणूस न्हाणीघरात पाय घसरून पडले, डोक्याला मार लागला आणि डॉक्टरांनी ‘सी. टी. स्कॅन’ लिहून दिला, की सारे घर दोन गोष्टींनी धास्तावते: एक खर्चाने, आणि दुसरी त्या वाटोळ्या यंत्राने. खर्चाच्या बाबतीत आमच्या ह्या सदराचा काही इलाज नाही. यंत्राविषयी मात्र सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पदार्थविज्ञान, गणकयंत्र व वैद्यक अशा तीन शास्त्रांची गाठ पडली तेव्हा हे यंत्र जन्मास आले. आणि ती गाठ पडावयास जो काळ लागला, त्याची हकीकत वाचकांनी जाणून घ्यावी अशी आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन ह्यांना क्ष-किरणांचा शोध लागला. मोडलेले हाड शस्त्र न लावता दिसू लागले, ही त्या काळी अद्भुत गोष्ट होती. परंतु क्ष-किरणांचे साधे चित्र म्हणजे अखेर सावलीच. कंदिलापुढे दोन हात एकामागे एक धरले तर भिंतीवर त्यांची सावली एकच पडते. पुढचा हात कोणता व मागचा कोणता, हे त्या सावलीवरून सांगता येत नाही. शरीराचेही तसेच. त्यातून मेंदू हा हाडाच्या पेटीत बंद असलेला मऊ अवयव. निरोगी मेंदू, त्यातील गाठ आणि साकळलेले रक्त ह्यांच्यातून क्ष-किरण जवळजवळ सारखेच पार होतात. जो थोडा फरक राहतो, तो कवटीच्या दाट सावलीत बुडून जातो.

मग वैद्यांनी काय करावे? १९१९ च्या सुमारास अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर डँडी ह्यांनी एक युक्ती प्रचारात आणली. रुग्णाच्या पाठीच्या कण्यात सुई घालून मेंदूभोवतीचे पाणी काढून घ्यावयाचे, त्याच्या जागी हवा भरावयाची, आणि मग क्ष-किरणांनी चित्र घ्यावयाचे. ती हवा मेंदूतील पोकळ्यांत शिरे; पोकळी एका बाजूस सरकलेली दिसली, तर शेजारी गाठ असावी असा तर्क करावयाचा. म्हणजे एवढे करूनही प्रत्यक्ष मेंदू दिसत नसेच. रुग्णाला असह्य डोकेदुखी होई, ओकाऱ्या होत, आणि ते दुखणे कित्येक दिवस टिके. जवळजवळ पन्नास वर्षे असंख्य रुग्णांनी हे सोसले. त्या डॉक्टरांना निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापाशी दुसरा चांगला मार्ग नव्हता.

ह्या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने येणारा पहिला मनुष्य डॉक्टर नव्हताच. ॲलन कॉर्मॅक हे दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. तेथील ग्रूट स्कूर इस्पितळातील भौतिकतज्ज्ञाची जागा रिकामी झाली, म्हणून १९५६ साली आठवड्यातून दीड दिवस त्यांना तेथे देखरेखीसाठी जावे लागू लागले. (ह्याच इस्पितळात पुढे १९६७ साली ख्रिस्तियान बर्नार्ड ह्यांनी मानवी हृदयाचे पहिले रोपण केले.) कर्करोगाच्या रुग्णांवर किरणांचा उपचार कसा आखतात हे कॉर्मॅक ह्यांनी तेथे पाहिले. हाड, फुप्फुस व मांस ही जणू एकाच पदार्थाची आहेत असे धरून सारा हिशेब चाले. ते त्यांच्या मनाला पटेना. शरीराच्या आत कोठे किती किरण शोषले जातात, हे बाहेरून मोजमाप करून काढता येणार नाही काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला. ते साधले, तर त्यातून शरीराच्या आतील चित्रही मिळेल, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

प्रश्न कसा होता ते एका सोप्या उदाहरणाने पाहू. चार कप्प्यांची एक बंद पेटी आहे, वरच्या ओळीत दोन कप्पे व खालच्या ओळीत दोन. प्रत्येक कप्प्यात काही नाणी आहेत. पेटी उघडावयाची नाही. वरच्या ओळीत मिळून ५ नाणी व खालच्या ओळीत ९, तसेच डाव्या स्तंभात ७ व उजव्या स्तंभातही ७, एवढेच आपणांस सांगितले आहे. वर १ व ४, खाली ६ व ३ हे उत्तर बरोबर जुळते. पण वर २ व ३, खाली ५ व ४ हेही जुळते! आता वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरप्या रेषेत ४ नाणी आहेत एवढे कळले, की पहिलेच उत्तर खरे ठरते. क्ष-किरणांची प्रत्येक बारीक शलाका शरीरातून पार होताना अशीच एक बेरीज घेऊन बाहेर पडते. पुरेशा दिशांनी बेरजा घ्याव्या, आणि आतील प्रत्येक कप्प्याचा आकडा काढावा. सारे मर्म एवढ्यातच आहे.

ह्या कोड्याचे गणिती उत्तर योहान राडोन नावाच्या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ सालीच प्रसिद्ध केले होते. परंतु ते गणितज्ञांच्या ग्रंथांत पडून होते. कॉर्मॅक ह्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. त्यांनी ते सारे गणित स्वतः नव्याने मांडले आणि ते सोडविल्यानंतर चौदा वर्षांनी त्यांना राडोन ह्यांच्या निबंधाची माहिती झाली.

१९५७ साली त्यांनी ॲल्युमिनियमच्या चकतीभोवती लाकूड बसवून पहिला प्रयोग केला. आकडेमोडीत चकतीच्या मध्यभागी किरण किंचित कमी शोषले जातात असे दिसले, आणि हा हिशेबातील दोष असावा अशी शंका आली. चौकशी केली तेव्हा कळले, की ती चकती मुळात दुसऱ्याच कामासाठी केलेली होती आणि तिच्या मध्यभागी किंचित निराळ्या ॲल्युमिनियमची खुंटी ठोकलेली होती. डोळ्यांना न दिसलेली खुंटी गणिताने दाखविली! एखादी नवी पद्धत खरी असल्याची ह्याहून गोड साक्ष मिळणे कठीण.

१९६३ व १९६४ साली त्यांनी आपले निबंध अमेरिकेतील पदार्थविज्ञानाच्या एका नियतकालिकात छापविले. वैद्यकीय जगातून जवळजवळ काहीच प्रतिसाद आला नाही. कॉर्मॅक ह्यांच्या आठवणीत राहिलेली मागणी आली ती स्वित्झर्लंडमधील हिमप्रपातांचा अभ्यास करणाऱ्या केंद्राकडून: डोंगरावर साचलेल्या बर्फाच्या थरांना ही रीत लागू पडेल काय, अशी त्यांची पृच्छा होती. बर्फाची चिंता वाहणाऱ्यांनी जे वाचले, ते डोक्यातील गाठींची चिंता वाहणाऱ्यांच्या दृष्टीस पडले नाही.

इकडे इंग्लंडमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड नावाचे अभियंते ई. एम. आय. कंपनीत काम करीत होते. शेतकऱ्याचे हे सर्वांत धाकटे मूल. विद्यापीठाची पदवी नव्हती. महायुद्धात वायुदलात रडारचे काम शिकलेले, आणि पुढे ब्रिटनमधील आरंभीच्या ट्रान्झिस्टर संगणकांपैकी एकाची रचना त्यांच्या नेतृत्वाखाली झालेली. कॉर्मॅक ह्यांचे निबंध त्यांना ठाऊक नव्हते. १९६७ साली त्यांनीही स्वतंत्रपणे तोच विचार केला. त्यांचे पहिले यंत्र लेथच्या पाट्यावर उभारलेले होते. किरणांचा उगम इतका मंद होता, की एका चित्राची मोजणी पुरी व्हावयास नऊ दिवस लागले, आणि आकडेमोडीस मोठ्या संगणकाला अडीच तास. नंतर क्ष-किरणांची नळी बसविली, तेव्हा नऊ दिवसांचे नऊ तास झाले.

प्रयोगासाठी औषधात जतन केलेला मानवी मेंदू आणला, आणि त्यातील फरक सुरेख दिसले. आनंद झाला, पण पुढे उलगडले, की जतन करण्याच्या फॉर्मेलिनमुळेच ते फरक फुगून दिसत होते. तेव्हा बैलाचा ताजा मेंदू मिळवून पुन्हा पडताळा घ्यावा लागला. ते मेंदू बरोबर घेऊन लंडनच्या सार्वजनिक वाहनांतून प्रवास केल्याची गंमत हाउन्सफील्ड ह्यांनी पुढे स्वतः नमूद केली आहे. शेजारच्या उतारूंना पिशवीत काय आहे हे कळले नसावे, हे बरेच झाले!

१ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्लीज इस्पितळात, क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स ॲम्ब्रोज ह्यांच्या देखरेखीखाली, मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका स्त्रीला यंत्राखाली निजविण्यात आले. एकेक अंशाने फिरत १८० दिशा, आणि प्रत्येक दिशेस १६० मोजण्या, म्हणजे एका कापासाठी २८,८०० आकडे. त्यांवरून ६,४०० चौकटींचे चित्र तयार झाले, आणि त्यात मेंदूतील काळसर वाटोळी पुटी स्पष्ट दिसली. सुई नाही, हवा नाही, ओकारी नाही.

१९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कॉर्मॅक व हाउन्सफील्ड ह्यांना विभागून मिळाले. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता.

राडोन ह्यांच्या निबंधापासून त्या स्त्रीच्या चित्रापर्यंत चोपन्न वर्षे गेली. ह्या साऱ्या विलंबाचा दोष कोणाच्या माथी मारणे योग्य नाही. कारण हजारो समीकरणे हाताने सोडवून एक चित्र काढावयाचे म्हटले असते, तर ते पुरे होईपर्यंत रुग्ण वाट पाहत बसला नसता. संगणक येईपर्यंत थांबणे भागच होते. परंतु १९६३ नंतरची वर्षे मात्र आम्हांला खटकतात. तोवर गणित छापलेले होते, संगणक चालू होते, आणि रुग्णांच्या कण्यात सुया जातच होत्या. फक्त एका दालनातील मनुष्य दुसऱ्या दालनात डोकावला नव्हता.

आता घरच्या उपयोगाचे. डोक्याच्या एका स्कॅनमध्ये साधारण दोन मिलिसीव्हर्ट किरणोत्सार मिळतो. तो छातीच्या साध्या चित्राच्या सुमारे वीसपट आहे; निसर्गतः आपणां सर्वांना आठ-दहा महिन्यांत मिळतो तितका. म्हणून साध्या डोकेदुखीसाठी, विशेषतः मुलांच्या बाबतीत, ‘स्कॅन करूनच टाका’ असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये. गरोदर स्त्रीने तसे आधी सांगावे. एम. आर. आय. हे यंत्र निराळे. त्यात क्ष-किरण नसून चुंबक असतो.

पण तोंड एकाएकी वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर मात्र क्षणाचाही विलंब नको, आणि स्कॅन असलेलेच इस्पितळ गाठावे. रक्ताची गुठळी अडकली की रक्तवाहिनी फुटली, हे बाहेरून ओळखता येत नाही. स्कॅनमध्ये ताजे रक्त पांढरे दिसते. गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच द्यावयाचे असते, आणि तेच औषध रक्तस्रावात दिले तर घातक ठरते. तेव्हा रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावी. डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतील.