इफ्तारचा घोट आणि कोयनेचे देणे

सांगलीत मगरिबची अजान झाली की खजुराबरोबर पाण्याचा पहिला घोट घेतला जातो. पाणी कृष्णेचे. उन्हाळ्यात ही कृष्णा वाहती राहते ती बरीचशी कोयना धरणातून सोडलेल्या पाण्यावर. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर ते तिला मिळते. रोजा सोडणाऱ्याला आणि तुळशीला पाणी घालणाऱ्याला नदी एकच.

रमजानमध्ये मशिदींतून पॅलेस्टाईनसाठी दुआ मागितली जाते. ती मागायलाच हवी. १९४८ साली घरे सुटलेल्या लोकांच्या छावण्यांत संयुक्त राष्ट्रांची संस्था १९५० पासून शाळा आणि दवाखाने चालवत आली. तंबू गेले, सिमेंटच्या खोल्या आल्या, नातवंडांनाही मुले झाली. तरी वस्तीचे नाव छावणीच राहिले. सेवा मिळाल्या, घराचा हक्क मिळाला नाही.

युद्धाने हाकललेले आणि धरणाने उठवलेले यांची तुलना बरोबरीची नाही. पण तात्पुरते म्हणून सांगितलेले पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे दुःख सातारा जिल्ह्यालाही ठाऊक आहे. कोयना धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले. पाटण आणि जावळीतली गावे पाण्याखाली गेली. माणसे सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ मध्ये. वसाहतीला पिण्याचे पाणी, रस्ता, शाळा, स्मशानभूमी द्यावी, हे कायद्याने मान्य होण्याआधीच ही माणसे उठली होती. म्हणूनच धरणग्रस्तांची तिसरी पिढी जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या देत आली. श्रमिक मुक्ती दल आणि डॉ. भारत पाटणकर त्यांच्यासोबत राहिले.

इस्लाममध्ये जकात म्हणजे उपकार नव्हे. श्रीमंताच्या मालात वंचिताचा हक असतो. तो पोहोचवेपर्यंत माल स्वच्छ होत नाही. वाट्याच्या यादीत घरापासून दूर पडलेला वाटसरूही आहे. हाच न्याय पाण्याला लावला तर नदीकाठची शहरे धरणग्रस्तांची देणेकरी ठरतात, मग ती अजान ऐकणारी असोत की काकड आरती.

रमजानमध्ये शिधा वाटला जातो. तो महिनाभर पुरतो. सातबारा पिढ्यांना पुरतो. मशिदीचे विश्वस्त आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते धरणग्रस्तांच्या निवेदनावर एकत्र सह्या करून जिल्हाधिकाऱ्यांपुढे उभे राहिले, तर ते दान होणार नाही. ती प्यायलेल्या पाण्याची परतफेड असेल.