बॉम्बर्सना पोसले कोणी?

कॅनडाच्या मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान या दोन प्रांतांच्या सीमेवर फ्लिन फ्लॉन नावाचे खाणगाव आहे. नाव एका स्वस्त कादंबरीच्या नायकाचे. ‘द सनलेस सिटी’ या १९०५ च्या कादंबरीत जोसाया फ्लिंटाबॅटी फ्लोनॅटिन पाणबुडीतून अथांग सरोवरात उतरतो आणि त्याला पृथ्वीच्या पोटात सोन्याने मढलेले जग सापडते. खनिजाचा शोध लागला तेव्हा शोधकांना तो नायक आठवला. गावाच्या वेशीवर आजही त्याचा पुतळा उभा आहे.

गाव कातळावर वसलेले. सांडपाण्याचे नळ जमिनीत पुरता येईनात, म्हणून ते लाकडी पेट्यांतून जमिनीवरून नेले आणि लोक त्याच पेट्यांवरून पायवाटेसारखे चालू लागले. विनिपेग शहर रस्त्याने साधारण साडेसातशे किलोमीटर दूर. अशा ठिकाणच्या आइस हॉकी संघाने १९५७ मध्ये मेमोरियल कप, म्हणजे कॅनडातील ज्युनियर हॉकीचे राष्ट्रीय विजेतेपद, जिंकले. ज्युनियर म्हणजे साधारण सोळा ते वीस वयाची मुले. एनएचएल ही व्यावसायिक लीग आपले खेळाडू प्रामुख्याने यांच्यातूनच निवडत आली आहे. संघाचे नाव फ्लिन फ्लॉन बॉम्बर्स.

अंतिम मालिका ऑटावा कॅनेडियन्सशी झाली, सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि बॉम्बर्सनी ती ४-३ अशी जिंकली. ऑटावाच्या पाठीशी माँट्रिअलचा बलाढ्य व्यावसायिक क्लब होता. त्यामुळे ही कथा नेहमी एकाच साच्यात सांगितली जाते: दरिद्री खेडे विरुद्ध धनाढ्य शहर. साचा आकर्षक आहे, पण अर्धवट आहे. फ्लिन फ्लॉनच्या पाठीशीही एक बलाढ्य हात होता, आणि तो गावकऱ्यांचा नव्हता.

हडसन बे मायनिंग अँड स्मेल्टिंग ही कंपनी १९२७ मध्ये स्थापन झाली. बॉम्बर्सचा जन्मही १९२७ चाच. भांडवल न्यूयॉर्कच्या व्हिटनी घराण्याचे होते. तांबे आणि जस्त काढणाऱ्या या कंपनीवर गावातील जवळपास प्रत्येक चूल अवलंबून होती. १९३४ च्या उन्हाळ्यात कामगारांनी संप केला. पोलिसी बळाच्या सावलीत काही आठवड्यांतच तो मोडला. ज्या गावात एकच मालक असतो, तेथे करमणूकसुद्धा निष्पाप राहत नाही. हिवाळ्यात तापमान उणे तीसच्या खाली जाते, दिवस काही तासांचा असतो, आणि कामगाराला टिकवून धरायचे असेल तर पगाराखेरीज आणखी काही द्यावे लागते. कंपनीला हे उमगले होते. बॉम्बर्स ज्या रिंकवर खेळतात त्याचे नाव आजही ‘व्हिटनी फोरम’ आहे. एवढा स्पष्ट पुरावा इतिहासाच्या विद्यार्थ्याला सहसा मिळत नाही!

खेळाडूंची व्यवस्थाही कंपनीच पाहत असे. बाहेरून आलेल्या मुलाला खाणीच्या आवारात नोकरी मिळे. कामाचे तास सरावाला सोयीचे. प्रतिस्पर्धी संघांच्या दृष्टीने हा अन्याय होता, कारण त्यांच्याकडे पगार देणारी खाण नव्हती. मुलांच्या दृष्टीने मात्र हा व्यवहार निदान उघड होता. त्याच काळात व्यावसायिक क्लब कोवळ्या मुलांकडून करारपत्रांवर सह्या घेत आणि त्या मुलांच्या भविष्यावर हक्क सांगत. त्यापुढे खाणीतली हजेरी बरी म्हणावी लागेल.

या व्यवस्थेतून आलेले दोन खेळाडू जगाला ठाऊक आहेत. बॉबी क्लार्क फ्लिन फ्लॉनचाच, खाणकामगाराचा मुलगा. १९६७-६८ च्या हंगामात त्याने १६८ गुण मिळवले. त्याचा जोडीदार रेजी लीच ओजिब्वे समाजातील, रिव्हर्टन या छोट्या गावातून आलेला; त्याच हंगामात त्याने ८७ गोल केले. क्लार्कला मधुमेह होता. प्रशिक्षक पॅट गिनेल, जो स्वतः १९५७ च्या विजेत्या संघात होता, त्याला अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये घेऊन गेला आणि हा मुलगा व्यावसायिक हॉकी खेळू शकतो असा डॉक्टरांचा निर्वाळा मिळवून आला. तरीही १९६९ च्या निवडीत पहिल्या फेरीत त्याला कोणी घेतले नाही. फिलाडेल्फिया फ्लायर्सनी सतराव्या क्रमांकावर त्याची निवड केली. १९७४ आणि १९७५ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली त्यांनी स्टॅन्ली कप जिंकला, आणि दुसऱ्या विजयाच्या वेळी लीचही पुन्हा त्याच्या शेजारी होता.

गिनेलचे बॉम्बर्स सभ्य संघ म्हणून प्रसिद्ध नव्हते. १९६९ मध्ये सेंट थॉमस बॅरन्स हा संघ त्यांच्या दांडगाईला कंटाळून मालिका अर्ध्यावर सोडून निघून गेला. गावाला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. महत्त्वाच्या सामन्यांत मूस या थोराड हरणाची तंगडी बर्फावर फेकण्याची प्रथा जेथे आहे, तेथे वाईट वाटण्याची अपेक्षाच चुकीची. पण येथेच कंपनीच्या हिशेबापलीकडचे काही घडलेले दिसते. मालकाने करमणूक म्हणून दिलेली वस्तू कामगारांनी स्वतःची करून घेतली होती.

लहान गावाला मोठ्या लीगचा प्रवासखर्च पेलणे कठीण असते. १९७८ मध्ये संघाचा परवाना एडमंटनला गेला. १९८४ पासून बॉम्बर्स सस्कॅचेवानच्या प्रांतिक लीगमध्ये खेळत आहेत आणि मुले गावातील कुटुंबांच्या घरी राहतात.

वेतनाचा प्रश्न मात्र मिटला नाही. २०१४ मध्ये मोठ्या ज्युनियर लीगच्या खेळाडूंनी किमान वेतनासाठी दावा दाखल केला. २०२० मध्ये तीन कोटी कॅनेडियन डॉलरची तडजोड ठरली. दरम्यान मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान या दोन्ही प्रांतांनी अशा खेळाडूंना किमान वेतनाच्या कायद्यातून वगळले. तिकिटे विकून ज्याचा खेळ दाखवला जातो, तो मुलगा कामगार नव्हे असे कायदा म्हणतो. साठ वर्षांपूर्वीची खाणकंपनी अशा मुलाचे नाव निदान पगारपत्रकावर तरी लिहीत होती. हा कंपनीचा गौरव नव्हे. आजच्या कायद्याची लाज आहे.

फ्लिन फ्लॉनमधील धातू गाळण्याची भट्टी २०१० मध्ये विझली. शेवटची खाण, ‘७७७’, जून २०२२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षीच्या वसंतात बॉम्बर्स लीगच्या अंतिम फेरीत एस्टेव्हनशी सात सामने लढले आणि हरले. पुढच्या वर्षी, खाण बंद असताना, ते पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले.