जुन्या कळपात नवी पिल्ले



कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि आला तसा सोसायटीच्या, सावकाराच्या नाहीतर दुकानदाराच्या वहीत जिरतो. अंड्याचा पैसा आठवड्याच्या बाजाराला येतो आणि बाईच्या हातात येतो. मीठमिरची, पोराची वही, तापाची गोळी त्यातूनच निघते. परसातल्या दहा कोंबड्या हा काही अग्रलेखाचा विषय नव्हे, असे म्हणणाऱ्याने आधी घरातल्या बाईला विचारावे.

खारघरचे उदाहरण घ्या. आज तिथे उंच इमारती दिसतात. पण बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे ही मूळची भाताची गावे. १९७० साली नव्या शहरासाठी ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर संपादन आले. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. शेत गेलेल्या घराला अंगण तेवढे उरते, आणि तेही आखडत जाते. आपल्या कोरडवाहू गावांत पाऊस कमी, भाव कमी. पण अंगण अजून मोठे आहे. त्याचा उपयोग तरी नीट करू.

घडते ते असे. उबवणी केंद्रातून वनराजा, गिरिराजाची पिल्ले येतात. टोपली अंगणात उपडी होते. जुन्या कोंबड्या तुटून पडतात, चार पिल्ले रक्तबंबाळ होतात, उरलेली दाण्यापाशी जायला भितात आणि उपाशी मरतात. मग आपण म्हणतो, सरकारी पिल्लेच कमजोर! दोष पिल्लांचा नाही, घाईचा आहे.

कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे नावाच्या अभ्यासकाने १९२१ साली ती जगापुढे मांडली. आपल्या आज्यांना ती आधीच ठाऊक होती. नवा पक्षी आला की उतरंड पुन्हा लागते. भांडण टळत नाही. ते जिवावर बेतू नये, एवढेच आपल्या हाती असते.

पहिले काम रोगाचे. नवी पिल्ले तीन आठवडे वेगळी, शक्यतो घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. दाणापाणी आधी त्यांना, मग जुन्यांना, उलट नको. वरून धडधाकट दिसणारी जुनी कोंबडीही रोग बाळगून असू शकते. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचून द्यावी. लसीची कुपी एका घरापुरती नसते आणि फोडली की लगेच संपवावी लागते. म्हणून दहा घरांनी एकच दिवस ठरवावा आणि कुपी बर्फातून आणावी.

दुसरे काम ओळखीचे. पऱ्हाट्या गाडून कूड घाला. आठवडाभर दोन्ही कळप एकमेकांना बघतील, पण चोच पोचणार नाही. पिल्ले अंगापिंडाने जुन्यांच्या जवळपास आल्याशिवाय, म्हणजे तलंगा झाल्याशिवाय, कूड काढू नका. एकटेदुकटे पिल्लू सोडू नका, पाच-सहा एकदम सोडा. रात्री अंधारात खुराड्यात बसवा आणि पहाटे लवकर उठून लक्ष ठेवा. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, लपायला डालगे तिरपे करून ठेवा. रक्त दिसले की ते पिल्लू त्याच क्षणी बाजूला काढा, कारण लाल रंग पाहून सगळा कळप टोचतो. एक दिवसाची पिल्ले असतील आणि घरी खुडूक कोंबडी असेल तर रात्री तिच्या पंखाखाली सरकवा. तिने घेतली तर निम्मे काम तीच करते.

तिसरे काम दाण्याचे. भरडलेली ज्वारी उत्तम. मात्र पावसात काळी पडलेली, बुरशीची ज्वारी विष आहे. सरकी आणि सरकीची पेंड देऊ नका. तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो आणि गिऱ्हाईक तुटते. औषध लावलेले बियाणे तर कोंबडीच्या नजरेसही पडू देऊ नका. अंड्यावरच्या कोंबडीचे चुन्याचे खाद्य पिल्लांच्या मूत्रपिंडाला बाधते. शिंपले जुन्यांसाठी वेगळ्या भांड्यात ठेवा.

एक इशारा. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आसपासच्या निरोगी कोंबड्याही माराव्या लागल्या. पटापट मर लागली तर मेलेल्या कोंबड्या बाजारात विकू नका, नाल्यात फेकू नका; पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. एकाने लपवले तर गावाचे अंगण रिकामे होते.

आभाळ आपल्या हाती नाही, कापसाचा भावही अजून नाही. तीन आठवड्यांचा धीर आणि पऱ्हाट्यांचा एक कूड मात्र आपल्या हाती आहे. पुढच्या बैठकीला येताना मायबहिणींना सोबत आणा. लसीचा दिवस त्यांनीच ठरवायचा आहे.