चाबी कुठी हाय, ताई?

गेल्या महिन्यातला शनिवार. माझा प्लॅन एकदम फिट होता. सकाळी गाडीचे टायर बदलायचे, दुपारी पार्लर, संध्याकाळी बॅग भरायची आणि रविवारी पहाटे आई-बाबांना घेऊन समृद्धीवरून छत्रपती संभाजीनगरला निघायचं. सोमवारी मावसबहिणीचं लग्न. अप्रेझलच्या सीझनमध्ये मी बॉसकडून सोमवार-मंगळवारची सुटी काढली होती. यावरून माझ्या प्लॅनिंगची लेव्हल समजून घ्या!

टायरचं खूळ डोक्यात घातलं ते ऑफिसातल्या एका मित्राने. लंच टाइमला म्हणाला, ‘टायरची बर्थ डेट बघितलीस का?’ मला वाटलं, जोक मारतोय. पण टायरच्या कडेवर ‘डॉट’ या अक्षरांनंतर जी लांबलचक ओळ असते ना, तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे खरंच जन्मतारीख. आमच्या टायरवर होतं १८१६. म्हणजे २०१६ सालचा अठरावा आठवडा. नक्षी दिसायला ठीकठाक, पण रबर म्हातारं झालेलं. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही शाबूत असली तरी बदला, असं टायरवाल्या कंपन्याच सांगतात. आणि जायचं होतं समृद्धीवरून. शिवमडक्याला चढलं की सरळसोट सिमेंटचा रस्ता आणि कारला ताशी १२०ची परवानगी. २०२३ मध्ये परिवहन खात्याने याच रस्त्याच्या तोंडाशी गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली होती आणि घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. ते काही उगाच नाही. तेव्हा म्हटलं, नो रिस्क.

गाडी बाबांची. २०११ची, एमएच-३१. रिटायर झाल्यावर त्यांनी ती माझ्याकडे दिली. आता मी ती त्रिमूर्तीनगर ते मिहान अशी रोज पळवते.

टायरच्या दुकानात पोराने जॅक लावला, गन लावली. टर्र टर्र टर्र, तीन नट खाली. चौथ्यापाशी थांबला.

‘ताई, याची चाबी द्या ना.’

‘गाडीची? ही घे.’

तो हसला. ‘गाडीची नाही जी. व्हीलची.’

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा खाली वाकून त्या चौथ्या नटाकडे नीट बघितलं. बाकीचे तिघे साधे षटकोनी. हा गोल, गुळगुळीत, आणि तोंडावर फुलाच्या पाकळ्यांसारखी वेडीवाकडी खाच. चारही चाकांवर असा एकेक. याला म्हणतात व्हील लॉक. त्या खाचेत बरोबर बसणारी छोटीशी लोखंडी टोपी असते, तीच याची चावी. टोपी नटावर बसवायची आणि वरून नेहमीचा पाना लावायचा. टोपी नसेल तर पाना गोल डोक्यावरून नुसता घसरतो.

२०१२ मध्ये आमच्या कॉलनीत एक गाडी सकाळी विटांवर उभी सापडली होती. चारही अलॉय व्हील गायब! त्याच आठवड्यात बाबांनी ही लॉक बसवून घेतली. एवढं मला आठवत होतं. चावी कुठे ठेवली, ते मात्र मी कधी विचारलंच नव्हतं.

मग घरी शोधमोहीम. ग्लव्ह बॉक्स, दाराचे कप्पे, डिकीतली जॅकची पिशवी, स्टेपनीच्या मधली पोकळी. काही नाही. बाबा कपाळाला हात लावून बसलेले. ‘मीच गेल्या सर्व्हिसिंगनंतर घरात आणली, गाडीत नको म्हणून. टूलबॉक्सच्या डब्यात ठेवली होती.’

आई किचनमधून बाहेर आली. ‘कोणता डबा? तो श्रीखंडाचा? त्यातलं ते लोखंडाचं फुलासारखं? ते तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला गेलं!’

घरात दोन मिनिटं सन्नाटा. आईला तरी काय बोलणार? चावीसारखी न दिसणारी चावी. ती कुणालाही भंगारच वाटणार.

दरम्यान दुकानातल्या पोराने ‘बघतो काढून’ म्हणत एका लॉकवर छिन्नी-हातोडी चालवली होती. लॉक जागचं हललं नाही, पण डोक्याची पार चाळण झाली. मी काढलेले तिन्ही नट परत लावून घेतले आणि गाडी हळूहळू कॉटन मार्केटच्या बाजूच्या एका जुन्या गॅरेजात नेली. बाबांच्या स्कूटरच्या जमान्यापासूनचे उस्ताद तिथे बसतात. त्यांनी आधी चहा सांगितला, मग हात पुढे केला. ‘आरसी दाखवा ताई.’

‘उस्ताद, बाबांची गाडी आहे. ओळखता ना तुम्ही?’

‘ओळखतो जी. पण बिनाचाबीचं लॉक काढाचं म्हटलं का आधी कागद, मग पाना. कोणीबी गाडी आणून उभी करते इथं.’

आरसी बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, लॉकसोबत एखादं कार्ड मिळालं होतं का? चांगल्या कंपन्यांच्या लॉकवर कोड असतो. अमेरिकेतली मॅकगार्ड १९६४ पासून याच धंद्यात आहे. तिच्यासारख्या कंपन्या कोड कळवला की दुसरी चावी बनवून देतात. कंपनीतूनच लॉक लावून आलेली गाडी असेल, तर अधिकृत वर्कशॉपला विचारायचं, त्यांच्याकडे निरनिराळ्या नमुन्यांच्या चाव्यांचा सेट असू शकतो. आमची लॉक मात्र बाजारातली, बिननावाची. ना कोड, ना कार्ड.

‘मग आता?’

‘आता तेल. आज काही होत नाही.’

गंज सोडवणारं तेल त्यांनी चारही लॉकच्या बुडाशी मारलं आणि गाडी रात्रभर तिथेच ठेवून घेतली. रविवारी पहाटेची सफर गेली बोंबलत. मावशीला फोन करून सांगितलं, हळदीला उशीर होईल.

रविवारी सकाळी तर्री पोहे हाणून मी आणि बाबा गॅरेजात हजर. पुढचा तासभर जे बघितलं, ते मला कॉलेजच्या चार वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

पहिली गोष्ट, गाडी जॅकवर घेतलीच नाही. चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, चाकाला वीट. जॅकवरच्या गाडीला जोर लावला की ती कलंडू शकते. दुसरी गोष्ट, बाकीचे तीन नट सैल करायचे सोडून उस्तादांनी ते उलट घट्ट केले. मी म्हटलं, हे काय? म्हणाले, ‘तिघांनी वजन उचललं का चौथ्याचा जीव मोकळा होते.’ चाक दाबून धरायचा भार तिघांवर गेला की लॉकवरचा ताण कमी होतो. टीमवर्कचा यापेक्षा सोपा फंडा मी एकाही ट्रेनिंग सेशनमध्ये ऐकलेला नाही.

मग त्यांनी बारा कोनांचं एक जुनं सॉकेट घेतलं. लॉकच्या डोक्यापेक्षा किंचित लहान. डोळ्यांवर चष्मा चढवला, मलाही चार पावलं मागे सरकवलं, कारण कडक पोलादाचा तुकडा उडाला तर थेट डोळ्यात जातो. सॉकेट लॉकवर ठेवून हातोड्याने ठोकत ठोकत पार आत बसवलं. त्याला लांब दांडा लावला आणि हिसका न देता, सावकाश, डावीकडे जोर. कट्ट! असा आवाज झाला की मला वाटलं काहीतरी तुटलं.

‘सुटलं,’ बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा रंग आला.

तीन लॉक अशीच निघाली. दर वेळी नट सॉकेटमध्ये अडकून बसायचा, तो मागून ठोकून बाहेर काढायचा. आणि गंमत म्हणजे गंज फार नव्हताच. गेल्या सर्व्हिसिंगला कुणीतरी गनने कचकचून आवळले होते, एवढाच लोचा. लॉकवर गन चालवायचीच नसते. चावीच्या पाकळ्या झिजतात, तुटतात, आणि मग चावी हातात असूनही नसल्यासारखी.

चौथं लॉक म्हणजे छिन्नी खाल्लेलं. त्यावर सॉकेट पकडच घेईना. मी कुठेतरी ऐकलेलं ज्ञान पाजळलं, ‘वर दुसरा नट वेल्ड करून फिरवला तर?’ उस्तादांनी कानाला हात लावला. ‘टायर चढलेला असताना रिमपाशी आग? नाही जी. आतली हवा तापून टायर फुटला तर माणूस जाते.’ ड्रिलचाही फायदा नव्हता. लॉक कडक पोलादाचं, ड्रिलचे बिट मोडत बसतात. त्यांनी पेटीतून एक वेगळं सॉकेट काढलं. आत उलट्या फिरकीची धार होती. नट सोडायच्या दिशेने जसं फिरवाल, तशी धार नटात रुतत जाते. दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा रुतलं, आणि ते हट्टी लॉक एकदाचं कुरकुरत बाहेर आलं. मागच्या स्टडचे आटे खराब झाले होते, म्हणून तो स्टडही बदलला.

पैसे देताना मी विचारलं, ‘नवीन लॉक लावू का उस्ताद?’

‘तुमची मर्जी. पण चोराकडं हे सॉकेट असते ताई. तुमच्याकडं नसते.’

साधे नट लावले, नवे टायर चढवले आणि दुपारी तीनला निघालो. हळद हुकली, लग्न मिळालं. रात्री समृद्धीवर बाबा मागच्या सीटवर झोपले होते, बाहेर मिट्ट काळोख. तेव्हा कुठे माझ्या पोटात गोळा आला. समजा टायरचं काही न बघता तशीच निघाले असते आणि इथे, या अंधारात टायर गेला असता तर? डिकीत स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. आणि चाक निघालं नसतं. आई-बाबांना घेऊन १२०च्या रस्त्याच्या कडेला मी काय करत बसले असते? चावी नसली तर स्टेपनी म्हणजे डिकीतलं नुसतं ओझं.

परत आल्यावर पुढच्या रविवारी बाबांनी मला हाक मारली. मीटरचा मेन स्विच कुठला, गच्चीवरच्या टाकीचा कॉक कोणत्या बाजूला फिरवायचा, लॉकरची चावी कुठे, विम्याचे कागद कुठल्या फाइलमध्ये. आई पण सोबत. मी मोबाइलवर फोटो काढत होते. ‘हे सगळं मलाच माहीत होतं,’ बाबा म्हणाले. एवढंच. मीही काही बोलले नाही. श्रीखंडाचा नवा डबा आणला आणि त्यावर मार्करने लिहिलं : भंगार नाही.

आज पार्किंगमध्ये पाच मिनिटं
• चारही चाकांवर एखादा नट वेगळा दिसतोय का? मग त्याची चावी आजच शोधा. ती गाडीतच, जॅकच्या पिशवीत ठेवा. कोड असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा.
• जुनी गाडी घेताना दोन चाव्या मागा. एक इंजिनची, एक चाकाची.
• गाडी दुकानात दिली की ‘लॉकवर गन नको, हाताने सोडा’ असं आधीच सांगा आणि चावी परत घेतल्याशिवाय निघू नका.
• बदली नट घेताना आटे जुळवून घ्या. मारुती सुझुकीच्या बहुतेक गाड्यांना १२ मिलिमीटरचे १.२५चे आटे, होंडा आणि ह्युंदाईला १.५चे. चुकीचा नट जबरदस्तीने चढवला तर स्टड गेलाच.
• चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या.