कमलताईंची वाट

मुलीने वैद्यक शिकावे, ही पुण्याच्या प्रा. दिनकर समर्थांची इच्छा. कन्येने, म्हणजे पुढे डॉ. कमल रणदिवे झालेल्या कमलताईंनी, ती मानली नाही. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी तपासून त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली त्या पीएच. डी. झाल्या आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकल्या. अमेरिकेतच स्थिरावण्याचा मोह अनेकांना आवरत नाही, त्या परतल्या. शरीराबाहेर, काचपात्रात पेशी जिवंत ठेवणारी प्रयोगशाळा त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभारली. स्तनाच्या कर्करोगाशी आनुवंशिकतेचा व संप्रेरकांचा संबंध काय, हे त्या उंदरांवर वर्षानुवर्षे तपासत राहिल्या. मथळा व्हावा असे हे काम नव्हते, की रुग्णाच्या हाती उद्या गोळी पडावी असेही नव्हते. पद्मभूषण मिळाले ते १९८२ साली. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील वनवासी मुलांच्या पोषणाकडे त्यांनी लक्ष वळवले.

आपल्या घरांत मात्र हुशार मुलीपुढे आजही वैद्यक नाहीतर संगणक, एवढ्याच दोन वाटा ठेवल्या जातात. प्रयोगशाळेत घालवलेली वीस वर्षे वाया गेली, असे म्हणणारेच एखाद्या दिवशी रुग्णालयाच्या दारात विचारतात, यावर अजून औषध कसे नाही?